रिंगरोडची नोटीस आली तर: कागद, मुदती आणि मोबदल्याचा हिशेब

नोटीस हातात पडली की आधी ती कोणत्या कायद्याखाली निघाली आहे ते बघा. रक्कम नंतर, गट नंबरही नंतर. कायद्याचे नाव नोटिशीच्या पहिल्या दोन-तीन ओळींत असते, आणि हरकतीची मुदत, अपिलाची जागा, कर लागणार की नाही हे सगळे त्यावर ठरते.

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात आज निदान पाच वाटांनी जमीन जाऊ शकते. पुणे रिंगरोडचा पश्चिम टप्पा मावळातल्या उर्सेपासून भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकपर्यंत आहे. तो मुळशीत घोटावडे, रिहे, अंबडवेट, कासार आंबोली, उरवडे या पट्ट्यातून जातो. रस्ता ११० मीटर रुंद असून राज्य रस्ते विकास महामंडळ त्यासाठी महाराष्ट्र महामार्ग कायद्याखाली जमीन घेते. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६चा केंद्राचा कायदा लागतो. एमआयडीसीचा स्वतःचा कायदा आहे, तिथे '३२(२)ची नोटीस' हाच शब्द ऐकू येतो. विकास आराखड्यातल्या आरक्षणासाठी एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. आणि बाकी सगळ्यासाठी २०१३चा भूसंपादन कायदा, जो १ जानेवारी २०१४पासून लागू आहे. माण-म्हाळुंगेसारखी नगररचना योजना यात धरू नका. तिथे रोख मोबदल्याऐवजी विकसित भूखंड परत मिळतो, हिशेबही निराळा असतो.

कायदा कोणताही असो, सरकारची काही कर्तव्ये सुटत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात ती सात मुद्द्यांत सांगितली: नोटीस देणे, तुमचे म्हणणे ऐकणे, कारणांसह निर्णय कळवणे, जमीन सार्वजनिक कामासाठीच घेणे, वाजवी मोबदला देणे, काम वेळेत करणे आणि प्रक्रिया शेवटास नेणे. यातले एक जरी गाळले असेल, तरी तुमच्या हरकतीला तेवढा मुद्दा पुरतो. तो स्पष्ट लिहा.

मुदती, ज्या चुकवायच्या नाहीत

२०१३च्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांत हरकत द्यायची. राष्ट्रीय महामार्गाला फक्त २१ दिवस मिळतात. इतर कायद्यांत नोटिशीवर छापलेली मुदत हीच खरी. "अजून वेळ आहे" हे कुणाच्याही तोंडून ऐकून थांबू नका. हरकत लेखी, दोन प्रतींत द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. तोंडी सांगितलेली हरकत फाइलमध्ये कुठेच नसते.

२०१३च्या कायद्यातले पुढचे वेळापत्रक असे: प्राथमिक अधिसूचनेपासून १२ महिन्यांत अंतिम घोषणा, घोषणेपासून १२ महिन्यांत निवाडा, निवाड्यापासून ३ महिन्यांत मोबदला. पुनर्वसनाची रोख रक्कम ६ महिन्यांत. पैसे पूर्ण मिळाल्याशिवाय ताबा देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. अपवाद फक्त तातडीच्या कलमाचा. ते देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती अशा कारणांसाठी किंवा संसदेच्या मान्यतेनेच वापरता येते, आणि तेव्हाही ८० टक्के रक्कम आधी द्यावी लागते. "काम सुरू करायचंय, नुसती ताबापावती द्या, पैसे आठवड्यात जमा होतील" असे कुणी म्हटले तर त्या कागदावर सही करू नका. हा सगळ्यात महागात पडणारा कागद आहे.

एक गोष्ट लोक विसरतात. २०१३च्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर त्या गटाची विक्री, गहाण, बक्षीसपत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. त्यामुळे त्यानंतर "आम्ही लिहून घेतो, वरचे आम्ही बघू" म्हणणाऱ्याशी व्यवहार केलात तर मोबदला अडकतो आणि दावा तुमच्या गळ्यात पडतो.

कागद: काय, कुठे, किती रुपयांत

तहसील, भूमी अभिलेख आणि दुय्यम निबंधक कार्यालयांतली कामे तालुक्याच्या ठिकाणी, पौडला होतात. पण बरेच कागद घरबसल्या निघतात, म्हणून आधी फोन, मग एसटी.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये, आठ-अ १५ रुपये, फेरफार उताराही १५ रुपये. महाभूमीच्या संकेतस्थळावर निघतात आणि सरकारी कामाला चालतात. नुसते बघायला सातबारा फुकट आहे. सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत त्याच उताऱ्याचे १०० रुपये घेतात. एका गटाला ठीक, पण दहा गट आणि तीन पिढ्यांचे फेरफार काढायचे असतील तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत, फोटो हे नेहमीचेच. पासबुक राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेचे, वापरात असलेल्या खात्याचे आणि आधार जोडलेले असू द्या. जुने बंद पडलेले खाते दिल्याने रक्कम परत गेली, की पुन्हा फेऱ्या सुरू.

प्रतिज्ञापत्र मागितले तर मुद्रांक लागत नाही. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क राज्याने २००४ सालीच माफ केले आहे. तरीही कार्यालयाबाहेर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून देणारे बसलेले असतात. क्षतिपूर्ती बंधपत्र मात्र वेगळे, त्याला मुद्रांक लागतो. लिहिण्याचे पैसे ठरवूनच बसा.

संयुक्त मोजणीचा खर्च संपादन करणाऱ्या यंत्रणेचा. तुमच्याकडून मोजणी फी, गाडीभाडे, जेवण काहीही देय नाही. निवाड्याची प्रत मोफत मिळते. २०१३च्या कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे.

आता खरी अडचण. मोबदला कसणाऱ्याला मिळत नाही, कागदावरच्या नावाला मिळतो. मुळशीला हे नवीन नाही. १९२१च्या मुळशी सत्याग्रहाच्या काळात टाटांच्या धरणात गेलेल्या कित्येक जमिनी सावकारांकडे होत्या. ते मोबदल्याच्या बोलणीला बसले आणि कसणारा मावळा बाहेर राहिला. म्हणून नोटीस येण्याची वाट न पाहता सातबारा वाचा, आणि वरची नावे झाल्यावर खालचा 'इतर अधिकार' रकानाही वाचा. तिथे वडिलांच्या वेळचा सोसायटीचा बोजा असतो, कर्ज फेडून वीस वर्षे झाली तरी. सोसायटीकडून बेबाकीचा दाखला घेऊन तो बोजा तलाठ्याकडून कमी करून घ्या. 'एकुमॅ', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशी नोंद असेल तर थोरल्या भावाचेच नाव लागलेले असते, बाकीचे भाऊ कागदावर नाहीतच. ती नोंद दुरुस्त करायला तहसीलदारांकडे अर्ज करा. मयताचे नाव असेल तर वारसनोंद. तिला फी नाही, अर्ज ऑनलाइनही होतो, आणि नोंदीवर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. कुणी हरकत घेतली नाही तर महिना-दीड महिन्याचे काम आहे. ते निवाड्याच्या तोंडावर करायला गेलात तर त्याच कामाचा भाव चढतो.

बहिणींची सही हा दुसरा विषय. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. नोटीस आली की पुष्कळ घरांत बहिणींना माहेरी बोलावून जेवायला घालतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. बहीण असाल तर जेवा, सही मात्र आकडा कळल्यावर करा, आणि ती स्वखुशीने करायची की नाही हे तुम्हीच ठरवा. भाऊ असाल तर हेही ध्यानात घ्या: लपवून केलेले हक्कसोड पुढे दाव्यात गेले तर संपूर्ण रक्कम प्राधिकरणात किंवा न्यायालयात जमा होते आणि वर्षानुवर्षे कुणालाच मिळत नाही. हिस्से लेखी ठरवून प्रत्येकाच्या खात्यावर वेगळी रक्कम मागणे हाच स्वस्त मार्ग. त्यासाठी वाटणीपत्र आधीच झालेले असेल तर उत्तम.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिले असेल तर मोबदल्यातून शासनाचा हिस्सा वजा होऊ शकतो. किती आणि कशाच्या आधारे, हे लेखी विचारा.

मोजणीचा दिवस

या दिवशी घरातला जाणता माणूस बांधावर हवाच. मोबदल्यातला मोठा फरक इथेच पडतो, आणि तो नंतर भरून निघत नाही.

भूकरमापक यंत्र लावतो, महामंडळाचा माणूस खुणा मारतो, तलाठी पंचनामा लिहितो. पंचनाम्यात 'आंबा: ४ झाडे' एवढेच लिहिले असेल तर थांबवा. कलमी की रायवळ, वय किती, बुंध्याचा घेर किती, फळ धरते का, हे चारही हवे. बांधावरचा फणस, जांभूळ, साग, करवंदीच्या जाळीआड गेलेली जुनी विहीर, जमिनीखालून नेलेली पाइपलाइन, बोअर, मोटारीची खोली, गोठा, शेणखताचा खड्डा, दगडी ताल: सगळे मोजायला लावा. इंद्रायणी भाताची खाचरे पिढ्यांनी बांध घालून सपाट केलेली असतात. ती 'जिरायत' म्हणून गेली आणि विहिरीवर दुसरे पीक निघत असेल, तर पीकपाहणीत ते दिसले पाहिजे. ई-पीक पाहणी भरलेली नसेल तर पुरावाच नाही. ती दर हंगामाला मोबाइलवरून, फुकट भरता येते.

स्वतः फोटो काढा, झाडाला हात लावून उभे राहा म्हणजे घेर दिसेल, आणि फोटोत तारीख व ठिकाण उमटेल असे अॅप वापरा. बांधकामाचे मूल्यांकन सार्वजनिक बांधकाम खाते करते, फळझाडांचे कृषी खाते, सागासारख्या झाडांचे वन खाते. तिघे तीन वेगळ्या दिवशी येतात, तारखा विचारून ठेवा. पंचनाम्यावर रिकाम्या जागा असतील तर सही करू नका. काही राहिले असेल तर सहीच्या वरच "अमुक राहिले आहे" असे आपल्या हाताने लिहा. मोजणी नकाशाची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, २ रुपये पानाला, ३० दिवस. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही.

रस्ता शेताच्या मधोमध जात असेल तर पलीकडच्या तुकड्याचे काय, हे त्याच दिवशी लेखी विचारा: रस्ता कुठून, पाइप कुठून, जनावरे कुठून. जमीन तुटल्याने उरलेल्या भागाचे होणारे नुकसान हाही २०१३च्या कायद्यात मोबदल्याचा भाग आहे, पण मागितल्याशिवाय तो क्वचितच मिळतो. घराचा काही भागच जात असेल तर "पूर्ण घर घ्या" अशी मागणी करण्याची तरतूद आहे.

आकडा कसा बसतो

२०१३च्या कायद्याप्रमाणे मूळ दर दोन गोष्टींवरून ठरतो: रेडीरेकनर, आणि गेल्या तीन वर्षांत गावात किंवा शेजारच्या गावात झालेल्या तशाच जमिनीच्या व्यवहारांपैकी वरच्या दराच्या निम्म्या खरेदीखतांची सरासरी. दोन्हींत जो जास्त तो. दोन्ही तुम्हाला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. ई-सर्चमध्ये गाव, वर्ष, गट टाकून सूची-दोन काढा, वरच्या दराची खतं निवडा आणि हरकतीला जोडा. अधिकाऱ्याने कमी दराची खतं धरली असतील तर तुमच्याकडे उत्तर तयार असते. त्यासाठी १० हजार रुपये मागणाऱ्या 'सल्लागारा'ची गरज नाही, दोन संध्याकाळी पुरतात.

ग्रामीण भागात या दराला गुणांक लागतो, कायद्याने १ ते २ च्या दरम्यान. तुमच्या गावाला आणि तुमच्या प्रकल्पाला कोणता गुणांक लावला, हे लेखी घ्या. शासन निर्णयांप्रमाणे तो बदलत आला आहे. त्यात झाडे-विहीर-घर मिळवा. जेवढी बेरीज होते तेवढीच पुन्हा दिलासा रक्कम. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल तोवर, मूळ बाजारमूल्यावर सालाना १२ टक्के.

उदाहरण घ्या. २० गुंठे, गुंठ्याला १ लाख, म्हणजे २० लाख. गुणांक २ धरला तर ४० लाख. विहीर आणि झाडे ३ लाख, बेरीज ४३ लाख. दिलासा रक्कम तितकीच, एकूण ८६ लाख. दीड वर्ष गेले असेल तर २० लाखांवर १२ टक्क्यांनी ३ लाख ६० हजार. म्हणजे ८९ लाख ६० हजार. तीन लाखांची विहीर आणि झाडे पंचनाम्यात राहिली असती तर नुकसान तीन नव्हे, सहा लाखांचे होते. मोजणीच्या दिवसावर एवढा भर दिला तो यासाठी.

संमती द्यायची का?

रिंगरोडला संमतीने जमीन देणाऱ्यांना २५ टक्के जादा मोबदला ठेवला होता. वरच्या उदाहरणात ८६ लाखांवर साडेएकवीस लाख होतात. रक्कम मोठी आहे आणि पैसेही लवकर येतात, म्हणून कागद साफ असेल आणि दर बरोबर धरला असेल तर संमती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण संमती दिली की दर वाढवून मागण्याचा हक्क सोडला. त्यामुळे आधी तक्ता मागा: दर, गुणांक, झाडे, बांधकाम, दिलासा, २५ टक्के, आणि १२ टक्के धरले की नाही. आकड्याविना छापील संमतीपत्र पुढे आले तर "दर कळवा, मग सही" असे लिहून द्या. खरेदीखत करायचे झाले तर त्याचा मुद्रांक किंवा नोंदणी फी तुमच्या माथी नाही.

संमती दिली नाही तर निवाडा होईल. रक्कम घेताना पावतीवर 'अंडर प्रोटेस्ट, हक्क राखून स्वीकारली' असे लिहाच. हे शब्द नसतील तर २०१३च्या कायद्याखाली वाढीव मोबदला मागताच येत नाही. वाढीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर ६ आठवड्यांत, नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, जे आधी संपेल ते. शेजाऱ्याने अर्ज केला, तुम्ही केला नाही, आणि त्याला वाढ मिळाली, तरीही त्याच अधिसूचनेतल्या जमिनीसाठी त्या निर्णयापासून ३ महिन्यांत तुम्ही अर्ज करू शकता. गावात कुणाचे प्रकरण चालू आहे ते माहीत ठेवा.

पैसे न देता ताबा घेतला असेल तर ताब्याच्या दिवसापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे १५ टक्के व्याज मागा.

टक्केवारी, कर आणि बाकीची गळती

"फाइल हलवायला" दोन ते पाच टक्के मागणारे भेटतील. ८६ लाखांचे दोन टक्के म्हणजे १ लाख ७२ हजार, एवढ्यात चांगला वकील मिळतो. कोरा धनादेश, सही केलेली बँकेची स्लिप, कुलमुखत्यारपत्र यांतले काहीही कुणालाही देऊ नका. सरकारी माणसाने पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, फोन मोफत. वकील हवा आणि ऐपत नसेल तर विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही.

२०१३च्या कायद्याखालच्या निवाड्यावर आयकर नाही, मुद्रांक शुल्कही नाही. दुसऱ्या कायद्याखाली जमीन गेली असेल तर करकपात होण्याआधी सीएला दाखवा. शेतजमीन असल्याचा पुरावा तयार ठेवा, म्हणजे सातबारा आणि पीकपाहणी. व्याजाचे मात्र वेगळे आहे. उशिराबद्दल किंवा वाढीव रकमेवर मिळालेले व्याज ज्या वर्षी हातात पडते त्या वर्षीचे उत्पन्न धरले जाते, त्यातली निम्मी रक्कम वजा होते.

जमीन नावावर नसलेल्यांनीही घरी बसू नये. तीन वर्षांपासून त्या जमिनीवर राबणारे मजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर, वनहक्क असलेली कातकरी कुटुंबे हेही २०१३च्या कायद्यात 'बाधित कुटुंब' आहेत. पुनर्वसनाच्या कलमांत उपजीविकेसाठी पर्याय आहेत: नोकरी, किंवा कुटुंबाला एकरकमी ५ लाख रुपये, किंवा २० वर्षे दरमहा २ हजार. घर जाणाऱ्या कुटुंबाला वर्षभर दरमहा ३ हजार आणि सामान हलवायला ५० हजार वेगळे. यादीत नाव आहे का ते ग्रामपंचायतीत बघा, नसेल तर सुनावणीत सांगा. महामार्ग कायद्याखाली यातले काय लागू होते, हे सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी घ्या.

पैसे आल्यावर एक फेरी राहते

कमी-जास्त पत्रक झाले का ते पौडच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. संपादित क्षेत्र वजा होऊन तुमच्या उरलेल्या जमिनीचा वेगळा सातबारा निघाला पाहिजे. १२ गुंठे गेले आणि सातबाऱ्यावरून २० कमी झाले, किंवा जुन्याच क्षेत्रावर आकारणी चालू राहिली, असे होते. निवाडा, पैसे मिळाल्याची बँकेची नोंद आणि नवा सातबारा शेजारी ठेवून क्षेत्र आरपर्यंत जुळवा. चूक असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. सगळी जमीन गेली असेल तर जुना सातबारा आणि निवाड्याची प्रत घरात कायम ठेवा. दुसरीकडे शेती घ्यायची झाली तर शेतकरी असल्याचा तोच पुरावा. प्रकल्पग्रस्त दाखल्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुनर्वसन शाखेत अर्ज करा आणि कुटुंबात तो कुणाच्या नावे घ्यायचा ते आधी बसून ठरवा, कारण सरकारी नोकरीतल्या आरक्षणाचा लाभ एका दाखल्यावर एकालाच मिळतो.